आता तुम्ही बसा

आपल्या घरांतून रोज उच्चारल्या जाणाऱ्या वाक्यांत ‘आता तुम्ही बसा’ या वाक्याइतके प्रेमळ वाक्य दुसरे सापडणे कठीण. सासूबाई करंजीला मुरड घालायला पाटावर बसल्या की सून म्हणते, ‘‘आई, जन्मभर पुष्कळ केलंत, आता तुम्ही बसा.’’ वडील पिशवी घेऊन मंडईला निघाले की मुलगा ती हातातून काढून घेतो आणि म्हणतो, ‘‘बाबा, मी आणतो. तुम्ही बसा.’’ बोलणाऱ्याच्या मनात माया असते आणि ऐकणाऱ्यालाही ती कळते. म्हणून तो बसतो, आणि मग बसूनच राहतो. बसून करायचे काय, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही.

म्हातारपण मनुष्यजातीइतकेच जुने आहे; परंतु हा ‘बसून करायचे काय’ हा प्रश्न त्या मानाने अगदी अलीकडचा आहे. तो केव्हा निर्माण झाला आणि निरनिराळ्या देशांतील माणसांनी त्याची काय काय उत्तरे शोधली, याचा इतिहास मोठा मौजेचा आहे. राजे आणि लढाया त्यात नाहीत. एक बकाल वस्ती, काही कुंड्या, लाकडी चेंडू आणि बागेतले हसणे एवढेच त्याचे साहित्य. पण आपल्यापैकी प्रत्येकाला, आयुष्य असेल तर, या इतिहासाच्या शेवटच्या पानावर जाऊन बसायचेच आहे. तेव्हा तो वाचून ठेवलेला बरा.

पूर्वीच्या काळी आपल्याकडे म्हाताऱ्यांचे कसे छान चाले, असे म्हणण्याची आपल्याला सवय आहे. गावाला पार होता, वाड्याला ओटा होता, देवळात पुराण होते. दुपारी सोंगट्यांचा डाव पडे आणि संध्याकाळी हरिपाठ होई. हे सारे खरेच. परंतु त्या काळी म्हातारी माणसेच थोडी होती, हेही तितकेच खरे. १९५१ च्या सुमारास आपल्या देशातले सरासरी आयुर्मान अवघे ३२ वर्षांचे होते. बालमृत्यू अतोनात, म्हणून तो आकडा इतका खाली, हे लक्षात घेतले तरी साठी ओलांडणारे लोक त्या वेळी सुमारे २ कोटीच होते. २०११ च्या खानेसुमारीत हीच संख्या १० कोटी ३८ लाखांवर गेली. महाराष्ट्रात तर शंभरातले जवळजवळ दहा लोक साठीच्या पुढचे निघाले. पूर्वी एका वाड्यात एखादे आजोबा असत. हल्ली एकेका चाळीत, एकेका सोसायटीत आजोबांचाच एक वर्ग भरेल.

दुसरी गोष्ट अशी की, त्या काळचा म्हातारा ‘बसत’ नव्हता. शेतकऱ्याला निवृत्तीचे वय ठाऊकच नव्हते. नांगर सुटला तर गुरांमागे जावे, गुरे सुटली तर खळ्यावर राखण करावी, तेही न जमले तर दोर वळीत बसावे. आजीबाईचे जाते सुटले तरी नातवंडे आणि सुइणीचे शहाणपण सुटत नसे. म्हातारपण म्हणजे कामाचा शेवट नव्हता. कामे फक्त हलकी होत जात. यात हालही पुष्कळ होते, विशेषतः निराधार विधवांचे. आणि त्यावर शेंदूर फासण्याचे कारण नाही. पण ‘मी आता कुणाच्या उपयोगी नाही’ हे दुःख मात्र त्या हालांत सहसा नसे.

आपल्या वारीकडे पाहा. आळंदी ते पंढरपूर ही सुमारे अडीचशे किलोमीटरांची वाट साठी-सत्तरीची माणसे पायी चालून जातात. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी माउलींच्या पालखी सोहळ्याला शिस्त लावून दिली. त्या शिस्तीत प्रत्येक दिंडीला जागा आहे आणि दिंडीतल्या प्रत्येकाला काम आहे. कुणाच्या खांद्यावर पताका, कुणाच्या गळ्यात वीणा, तर एखाद्या आजीच्या डोक्यावर तुळशीवृंदावन. ‘आजी, तुम्ही बसा, वृंदावन मी घेते’ असे तिथे म्हणून पाहा. आजी काय उत्तर देतील ते इथे छापण्यासारखे नसेल! आजच्या भाषेत बोलायचे तर वृद्धांसाठी आखलेला याहून मोठा कार्यक्रम जगात क्वचितच असेल. आणि तो वृद्धांसाठी आहे असे कुणी कधी म्हटलेले नाही, यातच त्याचे यश आहे.

बसण्याचे वय ठरले ते कारखान्यांच्या युगात. जर्मनीत बिस्मार्कच्या अमदानीत, १८८९ साली, कामगारांना वृद्धापकाळी पेन्शन देणारा कायदा झाला. वय ठरले सत्तर. पुढे १९१६ साली ते पासष्ट झाले. अमेरिकेत असा कायदा यायला १९३५ साल उजाडले. हे कायदे मोठे पुण्याचे होते यात शंका नाही. परंतु त्यांनी पोटाचा प्रश्न सोडवला आणि दुपारचा प्रश्न निर्माण केला. ज्या दिवशी माणसाला काम न करता भाकरी मिळू लागली, त्या दिवसापासून जेवण झाल्यावर संध्याकाळपर्यंत काय करायचे हे कोडे त्याच्यापुढे येऊन उभे राहिले. आपल्या पुण्यालाही एके काळी पेन्शनरांचे शहर म्हणत. तिथे फिरायला जाणे, वाचनालयात वर्तमानपत्राची वाट पाहणे आणि वसंत व्याख्यानमालेला पुढची खुर्ची धरणे, अशी उत्तरे लोकांनी आपापली शोधून काढली होती. अर्थात, ज्यांना पेन्शन होती त्यांनी!

या कोड्याचे पहिले सरकारी उत्तर निघाले न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागात. साल १९४३, महायुद्ध ऐन भरात. भाड्याच्या लहान लहान खोल्यांतून एकटी राहणारी म्हातारी माणसे तिथे पुष्कळ होती. ती मदतीसाठी सरकारी कल्याण खात्याच्या कचेरीत येत. तेथील कार्यकर्त्यांच्या एक गोष्ट ध्यानात आली. ही माणसे काही ना काही निमित्त काढून पुन्हा पुन्हा येतात. काम झाले तरी उठत नाहीत आणि बोलत राहतात. त्यांना पैशापेक्षा ऐकणारा माणूस हवा आहे. दुसऱ्या एखाद्या कचेरीने अशा वेळी ‘विनाकारण गर्दी करू नये’ अशी पाटी लावली असती. या लोकांनी एक जागा शोधली, तिथे मेजे मांडली, खेळ ठेवले आणि म्हाताऱ्यांना सांगितले, ‘ही जागा तुमची.’

त्या केंद्राला नाव दिले विल्यम हॉडसन यांचे. हॉडसन हे न्यूयॉर्कच्या कल्याण खात्याचे प्रमुख. युद्धात होरपळलेल्या लोकांच्या मदतकार्यासाठी ते उत्तर आफ्रिकेकडे निघाले असता १९४३ च्या जानेवारीत सुरिनामच्या जंगलात त्यांचे विमान कोसळले आणि ते गेले. साठीही न गाठलेल्या माणसाचे नाव म्हाताऱ्यांच्या पहिल्या केंद्राला मिळाले, हा दैवाचा एक विचित्र खेळच.

हॉडसन केंद्रातील अनुभवांवर सुझन कुबी आणि गर्ट्रूड लँडाऊ या दोन बाईंनी १९५३ साली एक पुस्तकच लिहिले. केंद्राचा धडा थोडक्यात सांगायचा तर असा, की माणूस येतो पत्त्यांच्या डावासाठी, पण टिकतो तो आपण गैरहजर राहिलो तर कुणीतरी विचारील म्हणून. पुढे १९६५ साली अमेरिकेत वृद्धांसाठी स्वतंत्र कायदा झाला आणि अशी केंद्रे गावोगावी निघाली. आज त्यांची संख्या दहा हजारांच्या आसपास आहे.

मात्र केंद्र काढले, खेळ आणले, कार्यक्रम आखले म्हणजे झाले का? या प्रश्नाचे उत्तर एका कुंडीने दिले आहे. मला स्वतःला या साऱ्या इतिहासातली ही सर्वांत बोलकी गोष्ट वाटते, म्हणून ती जरा सविस्तर सांगतो.

अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात आर्डन हाऊस नावाचे एक शुश्रूषागृह होते. तिथे एलन लँगर आणि जुडिथ रोडिन या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. तो १९७६ साली प्रसिद्ध झाला. इमारतीच्या दोन मजल्यांवरचे ९१ वृद्ध त्यासाठी निवडले. एका मजल्यावर व्यवस्थापकाने सर्वांना जमवून सांगितले, की तुमच्या खोलीतले सामान कसे मांडायचे, वेळ कसा घालवायचा, कुणाकडे जायचे, हे तुमचे तुम्ही ठरवा. मग प्रत्येकापुढे रोपांची पेटी धरली. हवे असेल तर रोप निवडा आणि त्याची निगा तुम्हीच राखा. आठवड्यातून दोन दिवस सिनेमा असतो. कोणत्या दिवशी पाहायचा तेही तुम्हीच ठरवा. दुसऱ्या मजल्यावरही तोच व्यवस्थापक तितक्याच प्रेमाने बोलला. पण तिथे तो म्हणाला, की तुमची काळजी घेणे ही आमची जबाबदारी आहे, तुम्हाला सुखात ठेवणे हे आमचे काम आहे. तिथेही प्रत्येकाला रोप दिले. पण पाणी परिचारिका घालणार. सिनेमाही दाखवला, पण कुणी कोणत्या दिवशी पाहायचा ते वरून ठरलेले.

पाहा, दोन्ही मजल्यांवर माया तीच, रोप तेच आणि सिनेमाही तोच. फरक इतकाच, की एकीकडे ‘तुम्ही करा’ आणि दुसरीकडे ‘तुम्ही बसा’.

तीन आठवड्यांनी पाहणी झाली. पाहणाऱ्यांच्या मते पहिल्या मजल्यावरचे ९३ टक्के लोक अधिक उत्साही, अधिक तरतरीत झाले होते. दुसऱ्या मजल्यावरचे ७१ टक्के आणखी दुबळे झाले होते. तीनच आठवड्यांत! दीड वर्षाने पुन्हा पाहिले तेव्हा पहिल्या गटातल्या ४७ पैकी ७ जण वारले होते आणि दुसऱ्यातल्या ४४ पैकी १३. या शेवटच्या आकड्यांच्या संख्याशास्त्रीय हिशेबात चूक राहून गेली होती आणि त्याची दुरुस्तीही पुढे प्रसिद्ध झाली. तेव्हा कुंडीने माणसाचे आयुष्य वाढते असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. परंतु जगतो तोवर माणूस जिवंत राहतो, एवढे तिने खास दाखवले.

आम्हां मास्तरांना हे तत्त्व अगदीच अपरिचित नाही. वर्गात जे पोर कशातच लक्ष घालीत नाही, कोपऱ्यात खाली मान घालून बसते, त्याला खडू आणायचे आणि फळा पुसायचे काम द्यावे. चार दिवसांत ते सर्वांच्या आधी शाळेत हजर असते. फळा काही कुणीही पुसू शकतो. पण ‘आज फळा कोण पुसणार?’ या प्रश्नाला आपले नाव उत्तर म्हणून येणे, यात विलक्षण शक्ती आहे. सातव्या वर्षी ती जितकी असते तितकीच सत्तराव्या वर्षीही असते.

आता जपानात जाऊ. तिथे १९४७ साली, युद्धात देश बेचिराख झाला असताना, होक्काइदो बेटावर सुझुकी नावाच्या एका गृहस्थांनी मुलांसाठी एक खेळ तयार केला. चेंडूंसाठी रबर मिळत नव्हते, लाकूड मात्र मुबलक होते. म्हणून लाकडी मोगरीने चेंडू टोलवायचा आणि जमिनीत रोवलेल्या तीन छोट्या कमानींतून काढून शेवटी मधल्या खुंटाला लावायचा. पाच-पाचांचे दोन संघ, तांबडे-पांढरे मिळून दहा चेंडू, आणि डाव अर्ध्या तासाचा. याचे नाव गेटबॉल. गंमत अशी, की मुलांसाठी निघालेला हा खेळ उचलून धरला तो मुलांच्या आजोबांनी! यात धावायचे नाही, धाप लागायची नाही. पण डोके मात्र सतत चालवावे लागते, आणि कप्तानाचे ऐकावेही लागते. १९६३ साली जपानने वृद्धांच्या कल्याणाचा कायदा केला आणि १९६६ पासून ‘वृद्धांचा आदर करण्याचा दिवस’ ही राष्ट्रीय सुट्टी सुरू झाली. पुढे १९७० नंतर तर गावोगावच्या मैदानांवर सकाळी मोगऱ्यांचा टकटकाट सुरू असे.

पण याच खेळाची ओहोटीही पाहण्यासारखी आहे. खेळ जसजसा संघटित झाला तसतशी स्पर्धा वाढली आणि कप्तानांचा आवाज चढू लागला. एखाद्याचा चेंडू चुकला की सारा संघ त्याच्यावर उखडे. पुष्कळजण कंटाळले आणि ज्याने त्याने आपापला चेंडू मारावा अशा दुसऱ्या खेळांकडे वळले. शिवाय ‘हा म्हाताऱ्यांचा खेळ’ असा एकदा शिक्का बसल्यावर नव्याने साठी गाठलेले लोक तिकडे फिरकेनात. आपण म्हातारे झालो हे कबूल करायला कोणत्याच देशातला माणूस उत्सुक नसतो!

फ्रान्सने वेगळी वाट धरली. तुलूज विद्यापीठातले आंतरराष्ट्रीय कायद्याचे प्राध्यापक पिएर व्हेलास यांनी १९७३ साली ‘तिसऱ्या वयाचे विद्यापीठ’ सुरू केले. बालपण व शिक्षण हे पहिले वय, संसार व नोकरी हे दुसरे, आणि त्यानंतरचे तिसरे. वानप्रस्थाची कल्पना ज्यांच्या रक्तात आहे त्या आपल्याला हे काही नवे नाही; मात्र आपले वानप्रस्थी वनात जात, हे वर्गात गेले. ही कल्पना १९८१-८२ च्या सुमारास इंग्लंडात, केंब्रिजला पोहोचली, तेव्हा पीटर लॅस्लेट आणि त्यांच्या मित्रांनी तिला एक सुंदर कलाटणी दिली. प्राध्यापक हवेत कशाला? साठी उलटलेल्या प्रत्येकाला काहीतरी येतेच. निवृत्त गवंड्याने भिंतीविषयी सांगावे, निवृत्त परिचारिकेने फ्रेंच शिकावे. परीक्षा नाही, पदवी नाही, शिक्षक आणि विद्यार्थी हा भेद नाही. तिथे आज चार लाखांच्या घरात सभासद आहेत. हे लॅस्लेट इतिहासकार होते. जुन्या इंग्लंडात घरोघरी मोठी एकत्र कुटुंबे नांदत होती ही समजूत खरी नव्हे, हे त्यांनीच दाखवून दिले होते. भूतकाळाचे गोडवे गाण्यात अर्थ नाही हे ज्याला कळले, त्याने भविष्यासाठी वर्ग उघडावा, हे क्रमप्राप्तच होते.

आपल्याकडे काय झाले? १३ मार्च १९९५ या दिवशी मुंबईत, अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या एका बागेत डॉ. मदन कटारिया यांनी चार माणसे गोळा केली आणि ते पाचजण मिळून हसू लागले. आधी विनोद सांगून हसत. थोड्याच दिवसांत विनोद संपले. जे उरले ते सभ्य स्त्रीपुरुषांत सांगण्यासारखे नव्हते. तेव्हा विनोदाशिवायच हसायचे ठरले. टाळ्या वाजवायच्या, ‘हो हो, हा हा’ करायचे. सुरुवातीला हसू खोटे असते. पण समोरचा तसाच वेड्यासारखा हसताना दिसला की खरे हसू फुटते. हे हास्यमंडळ मुंबईतून निघून साऱ्या जगात गेले. ते केवळ वृद्धांसाठी काढलेले नव्हते. पण पहाटे सहाला बागेत हजर राहण्याची सवड आणि शिस्त ज्यांच्याजवळ होती, त्यांनी ते आपलेसे केले.

गावोगावी ज्येष्ठ नागरिक संघ निघाले. महिन्यातल्या सगळ्या वाढदिवसांचा एकच समारंभ, सहली, व्याख्याने, एक ऑक्टोबरचा ज्येष्ठ नागरिक दिन, असे त्यांचे वर्ष भरलेले असते. नगरपालिका-महापालिकांनी जागा बांधून दिल्या आणि त्यांना नाव दिले ‘विरंगुळा केंद्र’. शब्द मोठा गोड आहे. २००७ साली आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाहाचा कायदा झाला, त्यातही वृद्धाश्रमांत औषधोपचारांबरोबर करमणुकीची साधने असावीत असे म्हटले आहे. सरकारने करमणुकीला औषधाच्या पंक्तीला बसवले, ही लहान गोष्ट नव्हे. शास्त्रज्ञांचाही त्याला काहीसा पाठिंबा आहे. पुन्हा त्या ब्रॉन्क्स भागातच ७५ वर्षांवरील ४६९ लोकांकडे काही वर्षे लक्ष ठेवून केलेली पाहणी २००३ साली प्रसिद्ध झाली. वाचन, पटावरचे खेळ, वाद्यवादन आणि नृत्य यांत रमणाऱ्यांना स्मृतिभ्रंशाचा विकार कमी जडलेला दिसला. आता, खेळल्यामुळे बुद्धी टिकली की बुद्धी टिकली होती म्हणून ते खेळत होते, हे अशा पाहणीतून पक्के सांगता येत नाही. पण डाव मांडायला तेवढे निमित्त पुरे.

असे असले तरी एक दिवस संध्याकाळी कोणत्याही विरंगुळा केंद्रावरून सहज चक्कर मारावी आणि आत कोण बसले आहे ते पाहावे. वर्तमानपत्र, कॅरम आणि राजकारण यांच्याभोवती बहुधा पुरुषच दिसतील. बायका दिसतील त्या भजनाच्या दिवशी. कारण पुरुष निवृत्त होतो, बाई होत नाही. साठ वर्षांची आजी नातवाला शाळेतून आणते, कुकर लावते, सुनेची यायची वेळ झाली की चहा टाकते. तिला ‘आता तुम्ही बसा’ म्हणतात ते केवळ सणासुदीला, पाहुण्यांसमोर! तिचा प्रश्न काम नाही हा नसून स्वतःच्या मनासारखा एक तासही नाही हा आहे. आणि ज्याने हमाली केली, दुसऱ्याच्या शेतात राबला, तो तर या केंद्राच्या पायरीवरही दिसणार नाही. ज्याला पेन्शन नाही त्याला कसली आली दुपार? विरंगुळा हा पोट भरल्यानंतरचा प्रश्न आहे, ही १८८९ सालची गोष्ट आपण अजून पुरती ओलांडलेली नाही. ती ओलांडल्याशिवाय आपल्या बागा आणि केंद्रे कितीही शोभिवंत झाली तरी अर्धीच राहतील.

हे मोठे काम समाजाने आणि सरकारने करायचे. पण कुंडीचे काम घरातच होण्यासारखे आहे आणि त्याला पैसा लागत नाही. धोंडो केशव कर्व्यांनी ७८ व्या वर्षी, १९३६ साली, खेड्यांतल्या प्राथमिक शाळांसाठी मंडळ काढले आणि त्यासाठी वर्गणी गोळा करीत ते हिंडले; ८६ व्या वर्षी, १९४४ साली, समता संघ काढला. ते १०४ वर्षे जगले. त्यांना ‘अण्णा, आता तुम्ही बसा’ असे कुणी म्हटलेच असेल, तर त्यांनी ते ऐकले नाही हे महाराष्ट्राचे भाग्य. प्रत्येकाच्या घरी अण्णा कर्वे नसतात. पण प्रत्येकाच्या घरी असा कुणीतरी असतो, ज्याला आकाशकंदिलाच्या कामट्या बांधता येतात, किल्ल्याला बुरूज कुठे हवा ते सांगता येते, चकलीची भाजणी बोटांच्या चिमटीत ओळखता येते.

यंदा करंजीची मुरड थोडी वाकडी पडेल, कंदील एका बाजूला कलेल, मंडईतून आणलेली वांगी किंचित किडकी निघतील. निघू द्यावीत. कलला तरी तो कंदील दारात लावावा, आणि ‘हा कुणी केला?’ असे शेजाऱ्यांनी विचारले, तर उत्तर द्यायला आपण पुढे होऊ नये. ज्याने केला आहे त्याला तेवढे सांगू द्यावे.